सबस्क्रिप्शन सुरू करताय? दुसऱ्या महिन्याच्या कपातीची तयारी आधी करा

दादरहून ऑनलाइन गाण्याचा क्लास चालवा की बोरिवलीहून स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ विका, ग्राहक पहिल्या महिन्यात फारसा भांडत नाही. भांडण होतं दुसऱ्या महिन्यात, त्याने काहीच न करता पैसे कापले जातात तेव्हा. लोकलच्या पासवर मुदत छापलेली असते आणि ती संपली की कोणी परस्पर पैसे कापत नाही. आपल्या ग्राहकाला सवय त्याची आहे.

किंमत पहिल्याच पानावर पूर्ण लिहा. ५०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लागत असेल तर ५९० दाखवा. शेवटच्या स्क्रीनवर ९० रुपये वाढवणं हा २०२३च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी ॲपची किंवा वेबसाइटची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांनुसार गैरप्रकार ठरतो. तुमची जीएसटी नोंदणीच नसेल, तर कर म्हणून एक रुपयाही घेता येत नाही.

ऑटोपेची, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची, मंजुरी मागताना ग्राहकाला कमाल रक्कम दिसते. पुढे भाव वाढवायला सोपं जावं म्हणून ५९०च्या प्लॅनला १५,०००ची मर्यादा टाकण्याचा मोह होतो, कारण बहुतेक सेवांसाठी तेवढ्यापर्यंतच्या पुढच्या कपातींना पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. पण पिन टाकताना '१५,००० रुपयांपर्यंत' वाचून माणूस तिथूनच मागे फिरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. मर्यादा ५९०च ठेवा. भाव वाढला की नव्याने मंजुरी घ्या. काही ग्राहक गळतील, त्याला इलाज नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. तिच्यात रक्कम, तारीख आणि व्यापाऱ्याचं नाव असतं. घोळ होतो तो नावाचा. ॲपचं नाव एक आणि खातं फर्मच्या नावावर असेल, तर मेसेजमध्ये फर्मचं नाव येतं. ग्राहक ते ओळखत नाही, 'हा व्यवहार माझा नाही' असं बँकेला कळवतो. पैसे परत जातात आणि बऱ्याचदा चार्जबॅकचं (बँकेमार्फत पैसे उलट फिरवण्याचं) शुल्कही तुमच्याच माथी बसतं. म्हणून पेमेंट गेटवेकडून, म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडून, मेसेजमध्ये दिसणारं नाव बदलून घ्या. ते जमत नसेल तर पहिल्या पावतीवर ठळक लिहा, 'बँकेच्या मेसेजमध्ये अमुक नाव दिसेल'. सेवा खुली करण्याआधी स्वतःच्या कार्डावरून आणि यूपीआयवरून एकेक खरी कपात करून आलेले मेसेज वाचा.

मोफत चाचणी देत असाल तर बँकेच्या सूचनेवर विसंबू नका. तीन दिवस आधी स्वतः कळवा: 'तुमची चाचणी १४ तारखेला संपते. १५ तारखेला ५९० रुपये कापले जातील. नको असल्यास इथे बंद करा.' लिंक थेट बंद करण्याच्या पानावर जायला हवी, लॉगिनच्या चक्रात नाही.

३१ तारखेला आलेल्या ग्राहकाची फेब्रुवारीत कपात कधी, हेही अटींमध्ये लिहून ठेवा.

ग्राहक यूपीआय ॲपमधून परस्पर मंजुरी रद्द करतो, ही बाजू हमखास राहून जाते. गेटवेकडून तो निरोप तुमच्या सिस्टीममध्ये आला पाहिजे. नाहीतर बंद केलेल्या माणसाला 'तुमची रक्कम थकली आहे' असे मेसेज जात राहतात. रद्द झाल्याची नोंद होताच सेवा कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील ते कळवा. परतावा असेल तर रक्कम, पाठवल्याची तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक द्या. तो क्रमांक हातात असला की ग्राहकाला बँकेत पैशांचा माग काढता येतो.