गच्चीवरची छत्री स्वतः बसवा: मोफत उपग्रह वाहिन्यांची सुरुवात

पुण्यात गच्चीवर आग्नेयेकडे तोंड करून मान साधारण ५९ अंश वर केली, की नजर जिथे जाते तिथे जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा तिथूनच येते आणि तिला महिन्याचे भाडे नाही. या छंदाची सुरुवात करायला हाच उपग्रह सर्वांत सोयीचा: सिग्नल दणकट, छत्री लहान, आणि सह्याद्री वाहिनी दिसली की नेम बरोबर लागल्याची खात्री पटते.

जागा आधी, सामान नंतर

छत्रीला उपग्रहाची दिशा पूर्ण मोकळी लागते. मधे नारळाची एक झावळी आली तरी चित्र तुटते. होकायंत्रावर उत्तरेपासून मोजलेली दिशा आणि क्षितिजापासूनची उंची अशी आहे: मुंबईत १३१ आणि ५७.५ अंश, पुण्यात १३२ आणि ५९, नागपुरात १४४.५ आणि ६०, पणजीत १२७ आणि ६१. महाराष्ट्र-गोव्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी असल्याने वेगळी वजाबाकी नको. मात्र होकायंत्र किंवा फोन लोखंडी खांबापासून आणि पाण्याच्या टाकीच्या सळ्यांपासून दोन-तीन मीटर लांब धरा, नाहीतर सुई दहा-वीस अंश सहज फसवते.

जागा तपासायची एक सुरेख सोय निसर्गानेच केली आहे. मार्चच्या १२ तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराच्या थोडे आधी, पुण्यातून पाहिले तर सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी जिथे ऊन पडते तिथे सिग्नलही पोहोचतो. (याच दिवसांत तेवढ्या वेळी काही मिनिटे चित्र जाते. तो बिघाड नव्हे, सूर्याचा गोंगाट आहे.)

सामान मोजकेच: ६० सेंमीची ऑफसेट छत्री (सिग्नल मध्यासमोर नव्हे, खालच्या बाजूला गोळा करणारी), युनिव्हर्सल केयू-बँड एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल टिपून केबलमध्ये सोडणारा भाग; केयू-बँड हा ही सेवा वापरते तो लहरींचा पट्टा), आरजी-६ केबल (टीव्हीची गोल केबल), एफ-कनेक्टर (तिच्या टोकाचा पेचाचा जोड), एमपीईजी-४ आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रसारणाच्या पद्धती) चालणारा फ्री-टू-एअर, म्हणजे मोफत वाहिन्यांचा, सेट टॉप बॉक्स, १० ते १३ नंबरचे पाने, ओळंबा आणि गच्चीवर नेता येईल असा छोटा टीव्ही. अडगळीतली जुनी छत्री चालते, पण आधी तिच्या काठावरून दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधा. मध्यावर दोरे एकमेकांना जेमतेम टेकले तर छत्री सरळ आहे. एक दोरा दुसऱ्याला दाबतो किंवा मधे फट राहते, तर काठ पिळलेला आहे आणि ती छत्री पुरेसा सिग्नल देणार नाही.

खांब ओळंब्यात

नवखे लोक सर्वाधिक वेळ वाया घालवतात तो इथे घाई केल्यामुळे. खांब वाकडा असेल तर छत्री बाजूला फिरवताना उंचीही बदलत जाते आणि मग दोन्ही आकडे एकदम शोधत बसावे लागते. ओळंबा खांबाच्या दोन बाजूंना, एकमेकींशी काटकोनात, लावून पाहा. काँक्रीटमध्ये १० मिमीचे अँकर फास्टनर वापरा. कठड्याच्या विटांत ते धरत नाहीत, आणि पावसाळी वाऱ्यात छत्री शिडासारखी ओढ खाते.

उंची लावताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ऑफसेट छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर पाहत असते. किती वर, ते मोजता येते: छत्रीची रुंदी भागिले तिची उंची, त्याचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹). ६० सेंमी रुंद आणि ६५ सेंमी उंच छत्रीसाठी हे उत्तर साधारण २२.६ अंश. पुण्याच्या ५९ मधून ते वजा केले की सुमारे ३६ उरतात. म्हणून छत्रीच्या वरच्या आणि खालच्या काठाला टेकवलेली सरळ पट्टी ओळंब्यापासून ३६ अंश मागे कललेली हवी. फोनमधले कोनमापक यासाठी पुरते.

एलएनबीही सरळ ठेवून चालत नाही. उपग्रह आपल्या पूर्वेला असल्याने त्याच्या उभ्या लहरी आपल्याला तिरक्या येतात. छत्रीच्या मागे उभे राहून, आकाशाकडे तोंड करून, एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा: मुंबई-पुण्यात सुमारे ४५ अंश, नागपुरात ३३, पणजीत ५०. हे आकडे सुरुवातीपुरते. नेमकी जागा पुढे क्वालिटीची पट्टी सांगेल.

कनेक्टर

केबलचे बाहेरचे आवरण सुमारे १४ मिमी सोला, त्याखालची तारांची जाळी मागे उलटवा, आतला पांढरा फोम ७-८ मिमी कापा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर २-३ मिमी दिसली पाहिजे. आता उजेडात धरून नीट पाहा. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला, तरी बॉक्स शॉर्ट दाखवतो. जोडणी करताना बॉक्सचा प्लग काढलेलाच ठेवा, कारण एलएनबीला याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात. केबल ३० मीटरच्या आत ठेवा. एलएनबीच्या तोंडाशी तिला खाली झुकणारा वळसा द्या, म्हणजे पावसाचे पाणी वळशातून गळून जाईल, कनेक्टरमध्ये उतरणार नाही. वरून स्वतःच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा.

नेम धरणे

बॉक्समध्ये एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००, ठेवा. मग ही नोंद भरा: ११०९० मेगाहर्ट्‌झ, व्हर्टिकल (उभ्या लहरी), सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी छत्री भिंतीकडे असली तरी वर दिसते. एलएनबीला वीज पोहोचते आहे आणि केबल धड आहे, एवढेच ती सांगते. नेम सांगते ती फक्त क्वालिटी.

छत्री होकायंत्राने ठरवलेल्या दिशेच्या दहा अंश अलीकडे न्या आणि तिथून हळूहळू फिरवा. किती हळू? ३८ मिमीच्या खांबावर एक अंश म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून क्लॅम्पकडे न पाहता छत्रीचा बाहेरचा काठ धरा, अर्धा सेंटीमीटर सरकवा आणि तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत राहिलात तर उपग्रह समोरून निघून जाईल आणि पट्टी हलणारही नाही. काही मिळाले नाही तर उंची एक अंश बदलून पुन्हा त्याच चालीने.

क्वालिटी उठली की लगेच आनंदून बोल्ट आवळू नका. ६० सेंमी छत्रीची नजर साधारण तीन अंश रुंद असते आणि ९५ अंशांवर दीड अंशावरच दुसऱ्या डीटीएचचा उपग्रह आहे. शोध लावल्यावर सगळ्या वाहिन्या स्क्रॅम्बल्ड, म्हणजे कुलूपबंद, निघाल्या, तर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात आहात. योग्य उपग्रहावर आल्यावर आधी दिशा, मग उंची, मग एलएनबीचा पीळ, या क्रमाने प्रत्येकाचा शिखरबिंदू शोधा. पट्टी खाली येईपर्यंत एका बाजूला जा, मग दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंच्या मध्यावर थांबा. बोल्ट आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळा. एकच बोल्ट करकचून आवळला तर छत्री एखादा अंश सरकते आणि सगळी मेहनत जाते.

उरलेल्या वाहिन्यांसाठी बॉक्समधला ब्लाइंड सर्च (आकडे न भरता बॉक्सने आपणहून केलेला शोध) चालवा. आकाशवाणीची केंद्रेही त्यातच येतील. यादीत रेडिओचा भाग वेगळा असतो, तो उघडायला विसरू नका. स्क्रॅम्बल्ड वाहिन्या सोडून द्या. त्या फोडण्याचे मार्ग विकणारे भेटतात, पण ती चोरी आहे.

पावसाळा आणि पुढचा टप्पा

जोरदार सरीत केयू-बँडचा सिग्नल पाणी शोषून घेते. कोरड्या दिवशी क्वालिटी शिखरावर ठेवली असेल, तर रिमझिम पाऊस ती पचवते. कशीबशी लागलेली छत्री पहिल्या ढगालाच चित्र सोडते. पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र येत नसेल, तर एलएनबीचा कनेक्टर उघडा. तार हिरवट-काळी दिसली तर पाणी शिरले आहे. दहा-पंधरा सेंमी केबल कापून नवा कनेक्टर बसवा, नुसते पुसून भागत नाही.

यानंतर ओढ लागते ती सी-बँडची, म्हणजे केयूपेक्षा लांब लहरींच्या पट्ट्याची: ६ किंवा ८ फुटी छत्री, ५१५० मेगाहर्ट्‌झचा एलएनबी, आणि ६८.५, ८३, १०५.५ अंशांवरचे उपग्रह. १९९१ नंतर केबलवाल्यांच्या गच्च्यांवर दिसू लागल्या त्याच या जाळीच्या मोठ्या छत्र्या. पाऊस यांच्या सिग्नलला फारसा अडवत नाही. इथे एलएनबी छत्रीच्या मध्यासमोर येतो आणि त्याचे अंतर आपल्यालाच काढावे लागते. व्यासाचा वर्ग करा, त्याला खोलीच्या सोळा पटीने भागा. १८० सेंमी व्यास आणि ३० सेंमी खोली असेल तर उत्तर ६७.५ सेंमी. छत्रीच्या तळापासून एलएनबीच्या तोंडापर्यंत टेपने एवढे मोजा, आणि एलएनबी धरणाऱ्या तिन्ही पायांची लांबी सारखी आहे ना, तेही पाहा. एक पाय सेंटीमीटरभर आखूड राहिला तरी एलएनबी मध्यावरून ढळतो.