दहावीचं गणित-विज्ञान व्हिडिओवरून करताना: आधी काय हाताशी हवं

मोबाइल उघडण्याआधी पाठ्यपुस्तक उघडा. छापील प्रत नसेल तर ई-बालभारतीवरून पीडीएफ फुकट उतरवता येते. आज कोणता पाठ, कोणता उपघटक, हे वहीच्या वरच्या ओळीत लिहा आणि तेवढंच शोधा. नुसतं 'प्रकाश दहावी' टाकलं की निम्मे व्हिडिओ दुसऱ्या बोर्डाचे येतात. 'भिंगे व त्यांचे उपयोग, महाराष्ट्र बोर्ड' असं पाठाचं पूर्ण नाव टाका. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने स्कॅन केला तर शोधाशोध आणखी वाचते.

व्हिडिओ कधीचा आहे ते बघा. दहावीची पुस्तकं 2018 मध्ये बदलली, त्यामुळे त्याआधीच्या बीजगणिताच्या व्हिडिओंत 'अर्थनियोजन' सापडणार नाही. त्याच पाठाची दुसरी अडचण म्हणजे जीएसटीचे दर. सप्टेंबर 2025 मध्ये 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले, पुस्तकातल्या उदाहरणांत मात्र ते आहेत. गणितात जो दर दिलाय तोच धरायचा.

भाषा आधी ठरवा. सेमी इंग्रजीवाल्यांनी इंग्रजी संज्ञांचे व्हिडिओ घ्यावेत. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी व्हिडिओ जरूर बघावेत, समजावणं चांगलं असतं, पण वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडून ठेवावेत: समांतर श्रेढी म्हणजे आपली अंकगणिती श्रेढी, प्रायिकता म्हणजे संभाव्यता, द्विघात समीकरण म्हणजे वर्गसमीकरण, समकोण म्हणजे काटकोन. हे केलं नाही तर पेपरात हिंदी शब्द उतरतात आणि प्रश्न वाचतानाही अडखळायला होतं.

टेबलावर वही, पेन, टोक केलेली पेन्सिल, कंपासपेटी आणि साधं घड्याळ. मोबाइल हातात नको, पुस्तकाला टेकवून उभा ठेवा, म्हणजे दोन्ही हात वहीवर राहतात. नोटिफिकेशन बंद, ऑटोप्ले बंद. फळ्यावरचे अंक वाचता येतील एवढीच क्वालिटी ठेवा, बहुतेक वेळा 360 पुरते आणि डेटा वाचतो. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास तरी वहीवर लागणार, तो वेळ धरूनच बसा.

आता मुख्य काम. शिक्षकांनी उदाहरण फळ्यावर लिहिलं की लगेच थांबवा. उत्तर बघायच्या आधी स्वतः सोडवा, अडलात तर फक्त पुढची एक पायरी बघा आणि पुन्हा थांबवा. बघताना सगळं सोपं वाटतं, कारण पुढची पायरी कोणती हे दुसराच कोणीतरी ठरवत असतो. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. हे उदाहरण घ्या: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर (f) 10 सेमी, वस्तू 15 सेमीवर. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून वस्तूचं अंतर u = −15. सूत्र 1/v − 1/u = 1/f, यात v म्हणजे प्रतिमेचं अंतर. मग 1/v = 1/10 − 1/15 = 1/30, प्रतिमा 30 सेमीवर आणि विशालन −2, म्हणजे दुप्पट मोठी व उलटी. वजा चिन्ह विसरलात तर 6 सेमी येतात. सूत्र पाठ असूनही गुण जातात ते इथे. त्यासाठी कच्ची किरणाकृती आधी काढा, ती लगेच चुगली करते.

प्रवेश परीक्षांच्या व्हिडिओंत गुरुत्व त्वरण g = 10 धरतात, बोर्डाच्या उदाहरणांत बहुधा 9.8. वरून सोडलेली वस्तू 2 सेकंदांत 19.6 मीटर पडते, 20 नाही. किंमत प्रश्नातून घ्या, आणि फळ्यावर शिक्षकांनी एकक गाळलं असलं तरी तुम्ही गाळू नका.

भौमितिक रचना बघून येत नाही, एवढं पक्कं समजा. केंद्र O पासून 5 सेमी अंतरावरच्या P बिंदूतून 3 सेमी त्रिज्येच्या वर्तुळाला स्पर्शिका काढायच्या आहेत असं समजा. OP जोडा, त्याचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू M घ्या, M केंद्र आणि MO त्रिज्या घेऊन कंस मारा, तो वर्तुळाला छेदेल ते स्पर्शबिंदू. मग मोजा. स्पर्शिका 4 सेमीच भरली पाहिजे, कारण 25 − 9 = 16. जवळपास 4.3 आली तर पेन्सिल बोथट आहे किंवा कंपास सैल आहे. कंस खोडू नका, ते दिसावेच लागतात. प्रमेयाच्या व्हिडिओत बोलण्याच्या ओघात पक्ष आणि साध्य राहून जातात. तुम्ही आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमाने लिहा आणि प्रत्येक विधानापुढे कारण द्या.

विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर छान दिसतात, पण साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान चार ओळींत लिहून काढलं तरच उपयोग. सोडियम, तीव्र आम्लं, घरातली वीज यांचे प्रयोग घरी करून बघू नका.

व्हिडिओ संपला की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याच प्रकारची दोन उदाहरणं सरावसंचातून सोडवा. सुटली नाहीत तर वहीत व्हिडिओचं नाव आणि अडलेलं मिनिट लिहा, उदाहरणार्थ 'वर्गसमीकरणे, 7:40, सूत्रात −b'. दुसऱ्या वेळी सगळा व्हिडिओ नको, तेवढंच बघा. शेवटच्या पंधरवड्यात नवीन व्हिडिओ बंद. 40 गुणांचा पेपर, दोन तासांचा गजर, आणि अडलेल्या मिनिटांची ही यादी.