सेशनच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास

वडील गेले त्या रात्री फोन पावणेतीनला वाजला होता. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं कुठलाही फोन वाजला, अगदी भरदुपारी, अगदी दुसऱ्याच कुणाचा, तरी माझ्या पोटात गोळा यायचा आणि खांदे कानांपर्यंत चढायचे. वडिलांबद्दल मी शांतपणे बोलू शकत होते. डोक्याला सगळं समजलेलं होतं, शरीर मात्र त्या रात्रीतून बाहेर पडलेलं नव्हतं. म्हणून मी मेंदू आणि शरीर दोन्हींना धरून काम करणारी थेरपी घेतली, आणि ती पूर्ण ऑनलाइन घेतली. तुम्ही त्याच विचारात असाल तर हे वाचा.

या वाटेवर तीन नावं कानावर येतात. ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आठवणींवर काम) ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रॅन्सिन शापिरो यांची. १९८७ मध्ये त्यांना ती सुचली आणि १९८९ मध्ये तिच्यावरचा त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातूनच पुढे २००३ मध्ये थेरपिस्ट डेव्हिड ग्रँड यांनी ब्रेनस्पॉटिंग मांडलं; त्यात नजर एका ठरावीक जागी स्थिर ठेवतात. पीटर लेव्हिन यांची सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग, म्हणजे शरीरात काय जाणवतंय त्यावर लक्ष देऊन केलेलं काम, ही तिसरी. तिन्हींमागचा पुरावा सारखा भक्कम नाही. आघातानंतरच्या तणाव-विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ईएमडीआरची शिफारस केली आहे; बाकी दोन्हींवर संशोधन बरंच कमी आहे. मी ईएमडीआर निवडली ती एवढ्यासाठीच. यात त्रास देणारी आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डावीकडून उजवीकडे सरकणारा ठिपका डोळ्यांनी पाहत राहायचं. एका वेळी मनात मावणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते. दोन कामं एकदम आली की आठवणीची धार कमी होते, असं एक स्पष्टीकरण आहे. डोळेच हलवायला लागतात का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

थेरपिस्ट निवडताना मी आधी चूक केली. पहिल्या थेरपिस्टने ओळख होताच, पहिल्याच दिवशी, 'त्या रात्रीबद्दल सांगा' म्हणून सुरुवात केली. मी फोन वाजण्यापर्यंत पोचले आणि नेट गेलं. वीस मिनिटं मी बंद पडद्यासमोर थरथरत बसले होते. परत जोडायचं कसं, कुणी कुणाला फोन करायचा, काहीच ठरलेलं नव्हतं. म्हणून पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराच: या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे आणि किती घेतलं, ऑनलाइन काम करताना संपर्क तुटला तर काय करायचं, आणि आठवणीला हात घालण्याआधी तयारीसाठी किती सेशन देणार. ईएमडीआरचे आठ टप्पे असतात. पहिला तुमचा इतिहास समजून घेण्याचा, दुसरा तयारीचा. दुसरा टप्पा गाळणाऱ्याकडे थांबू नका. मला नंतर भेटलेल्या बाईंनी तयारीतच चार सेशन घालवले, आणि त्या चार सेशनचं मोल मला पुढे कळलं.

घरातल्या तयारीत सगळ्यात महत्त्वाचं आहे दार. ते आतून बंद होणारं हवं आणि दीड तास कुणी ठोठावणार नाही अशी कडक सूचना घरात दिलेली हवी. कुणी ऐकतंय अशी शंका जरी असली तरी शरीर सैल होत नाही. ज्या घरात तुम्हाला त्रास देणारा माणूसच राहतो, तिथून हे काम करू नका. दुसरी सुरक्षित जागा शोधा. पडदा मोठा हवा, कारण मोबाइलवर डोळ्यांना फिरायला जागाच नसते. मोबाइलच असेल तर ठिपका सोडा आणि फुलपाखरू-मिठी घ्या: हात छातीवर एकमेकांवरून आडवे घालून दोन्ही दंडांच्या वरच्या भागावर आलटून पालटून हलकं थोपटायचं. कॅमेरा असा ठेवा की चेहऱ्याबरोबर खांदे आणि हातही दिसतील. श्वास अडकला, मुठी वळल्या, हे थेरपिस्टला दिसायला हवं. स्वतःचं चित्र मात्र लपवून टाका. स्वतःला रडताना पाहत राहिलं की रडणं आवरलं जातं.

तुम्ही आत्ता कुठे बसला आहात तो पत्ता आणि गरज पडली तर पोचू शकेल अशा एका माणसाचा नंबर थेरपिस्टकडे दर सेशनला असू द्या. थांबण्याची खूण आधीच ठरवा. आमची होती तळहात कॅमेऱ्याकडे. बोलणं फुटत नाही तेव्हा तीच कामी येते.

सेशनमध्ये थेरपिस्ट एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात: आत्ता शरीरात कुठे, काय जाणवतंय? सुरुवातीला मला उत्तरच सुचायचं नाही. 'वाईट वाटतंय' एवढंच. मग लक्षात आलं की आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलंय. पोटात गोळा, घशाशी आवंढा, काळजात चर्र, छातीवर दगड, हातापायांतलं बळ जाणं. हेच शब्द वापरा, नेमके वापरा. गोळा केवढा, गार की गरम, हलतो की तसाच बसलाय, हे सांगा. त्यामागची कथा सांगायची घाई नको. ईएमडीआरमध्ये प्रत्येक तपशील उच्चारावा लागत नाही, याचा मला फार आधार वाटला. त्रास किती ते शून्य ते दहामध्ये सांगायचं असतं. माझा आकडा नऊवर सुरू झाला. एका सेशनमध्ये सहावर आला आणि पुढच्या वेळी पुन्हा आठ होता. असं होतं.

भोवंडल्यासारखं झालं, स्वतःकडे लांबून पाहतोय असं वाटलं, तर लगेच खूण करा, तळपाय जमिनीवर दाबा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. असं वरचेवर होत असेल, फिट्स येत असतील, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आठवणींवरचं काम आधी थांबवून मानसोपचारतज्ज्ञांशी प्रत्यक्ष बोला. घरी एकट्याने व्हिडिओ लावून ठिपका पाहत जुन्या जखमा उघडू नका. फुलपाखरू-मिठी मन शांत करायला एकट्याने चालेल, त्यापुढे नाही.

क्लिनिकमधून घरी येताना मध्ये रस्ता असतो. ऑनलाइनमध्ये लॅपटॉप मिटला की तुम्ही थेट स्वयंपाकघरात किंवा मीटिंगमध्ये. हा रस्ता आपणच तयार करायचा. मी सेशननंतर तासभर काहीच ठेवत नसे. पाणी प्यायचं, वीस मिनिटं चालायचं, वहीत तीन ओळी लिहायच्या: काय दिसलं, कुठे जाणवलं, आकडा किती. पुढचे दोन दिवस विचित्र स्वप्नं पडत, उगाच थकवा येई. तेही वहीत जाई, आणि पुढचं सेशन तिथूनच सुरू होई.

अकराव्या सेशनला आकडा एकवर होता. बाईंनी विचारलं, 'मी आत्ता तुम्हाला फोन करू?' मी हो म्हटलं. टेबलावरचा फोन वाजला. खांदे थोडे चढले, मग आपसूक खाली आले. तिसऱ्या रिंगला मी तो उचलला.