नाकातली फीडिंग ट्यूब कधी बदलायची?

आधी पाकिटावरचे मटेरियल वाचा. पीव्हीसीची नळी स्वस्त, पण तिला मऊ ठेवणारे रसायन पोटातल्या आम्लात झिरपून जाते. नळी कडक होते, नाक-घसा सोलते. म्हणून ती साधारण 7 ते 10 दिवसांतच बदलावी. पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनची 4 ते 6 आठवडे चालते. सिलिकॉन फार मऊ, मात्र भिंत जाड. तेवढ्याच फ्रेंच मापात (नळीच्या बाहेरच्या जाडीचे माप) आतला मार्ग अरुंद, त्यामुळे लवकर तुंबते.

मोठ्या माणसाला प्रत्येक फीडच्या आधी-नंतर 30 मिली पाणी नळीतून द्या (पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारूनच). तुंबल्यास 50 मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हळूच पुढे-मागे करा. लहान सिरिंजचा दाब नळी फाडतो. तार तर कधीच घालू नका!