जुन्या गाडीचा क्रँक सेन्सर बदलताय? या चुका टाळा

जुन्या पेट्रोल गाडीचं हे एक ठराविक दुखणं. सकाळी सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात सुरू. मग तासभर चालवून पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबलात की सेल्फ नुसता फिरतो, इंजिन पेटत नाही. अर्ध्या तासाने इंजिन निवलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरू. असं दिसलं की पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा. त्याच्यासोबत फिरणाऱ्या दातेरी चक्रावरून तो किती वेगाने फिरतोय हे हा सेन्सर इंजिनच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. गॅरेजात याला आरपीएम सेन्सर किंवा नुसतं पिकअप असंही म्हणतात.

सेन्सर म्हणजे एक बोल्ट आणि एक सॉकेट, बस्स. सगळी गोची त्याच्या जागेची. काही गाड्यांत तो बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचावर) स्टार्टरच्या, म्हणजे सेल्फच्या मोटरच्या, आड असतो, काहींत इनलेट मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, काहींत क्रँक पुलीच्या मागे. बदलायला पाच मिनिटं, तिथवर हात पोहोचायला दोन-तीन तास. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जागा जितकी अडचणीची तितकं निदान वरूनच पक्कं करावं. या कामातल्या महागड्या चुका पाना हातात घेण्याआधीच झालेल्या असतात.

सर्वांत महागडी चूक: आधी गाडीतला पेट्रोलचा पंप बदलणे

हे इतक्या वेळा घडतं की त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. क्रँक फिरतोय असा सिग्नल ईसीयूला मिळाला नाही, तर इंजिन बंद आहे असं तो धरून चालतो आणि पंपाचा रिले (त्याची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बंद करतो. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही सोय आहे. स्पार्क आणि इंजेक्टरही त्याच सिग्नलवर चालतात. मेस्त्री लाइन सोडून बघतो, पेट्रोल येत नाही, पंप गेला असं सांगून मोकळा होतो. नवा पंप बसेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, त्यामुळे गाडी सुरू होते आणि श्रेय पंपाला मिळतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि खिशातून काही हजार गेलेले.

खरी तपासणी सोपी आहे. गाडी गरम असताना, बंद पडलेल्या अवस्थेतच, स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचा, आकडा बघा. इंजिन फिरत असताना साधारण १५० ते ३०० दिसायला हवेत. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यावरच, तर दोष सेन्सर, त्याची वायर किंवा सॉकेट यांपैकी एकात आहे. गार गाडी गॅरेजात नेऊन 'बघा जरा' म्हणण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळं ठीकच दिसणार.

स्कॅनरबद्दल एक सूचना. आपल्याकडे ओबीडी २ (गाडीतले बिघाड स्कॅनरला सांगणारी ठराविक पद्धत) सक्तीचं झालं ते २०१३ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या मोबाईलला जोडायच्या स्वस्त डोंगलशी बोलतच नाहीत, गॅरेजातला मल्टीब्रँड स्कॅनर लागतो. आणि पी०३३५ हा बिघाडाचा कोड स्कॅनरवर आला तरी त्याचा अर्थ 'सेन्सर बदला' असा होत नाही. क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, एवढंच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये उंदराने कुरतडलेली वायरही येते. उलट, कोड आला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

सेन्सरच्या दोन जातींना एकच मीटर लावणे

एका जातीत चुंबक आणि कॉइल असते. तिला बहुधा दोन वायरी असतात. तिचा रेझिस्टन्स मोजता येतो. तो काहीशे ओमपासून हजारच्या थोडा वरपर्यंत कुठेही असू शकतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गार असताना बरोबर आणि गरम झाल्यावर मीटर थेट 'ओपन' (सर्किट तुटलेलं) दाखवत असेल, तर दुखणं सापडलं. दुसरी जात हॉल इफेक्टची, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली. तिला तीन वायरी: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. हिला ओमवर मीटर लावू नका, आतलं सर्किट बिघडू शकतं. इग्निशन ऑन करून सॉकेटवर सप्लाय आणि अर्थ येतात का ते बघा. नुसते पिन मोजून मात्र जात ठरवू नये, कारण काही कॉइलवाल्या सेन्सरलाही शील्डची (बाहेरचा विजेचा अडथळा रोखणाऱ्या आवरणाची) तिसरी वायर असते.

कॉइलवाल्या सेन्सरचं मोजमाप ईसीयूच्या सॉकेटवरूनही होतं, गाडीखाली न जाता. आधी बॅटरी काढा, मग ईसीयूचं सॉकेट. तिथे ओपन दिसलं तर सेन्सर किंवा मधली वायर, आणि मग खाली उतरायला हरकत नाही.

स्वस्त पार्ट

पुण्यात नाना पेठेत काय किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला काय, एकाच सेन्सरचे तीन भाव ऐकायला मिळतात. पोहोचायला सोपा असलेला सेन्सर स्वस्तातला लावून बघितला तर समजू शकतो. इथे नाही. भंगारातला तर मुळीच नको. तीन तासांची मजुरी पुन्हा द्यावी लागली की वाचवलेले पैसे कुठे गेले ते कळत नाही. चॅसी नंबर देऊन पार्ट मागवा आणि जुना हातात आला की दोन्ही शेजारी धरा. नाकाची लांबी, बोल्टचा कान, पिन आणि वायरची लांबी तंतोतंत जुळायला हवी. सेन्सरचं टोक आणि दातेरी चक्र यांत बहुतेक गाड्यांत अर्धा ते दीड मिलिमीटर एवढंच अंतर असतं. नाक मिलिमीटरभर लांब निघालं तर ते चक्राला घासतं, आखूड निघालं तर सिग्नल अशक्त येतो.

काढताना

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. स्टार्टरवरची जाड वायर चावी बंद असली तरी जिवंत असते आणि अडचणीत पाना तिला हमखास टेकतो. खालून काम असेल तर गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर नको, विटांवर तर नकोच.

बोल्ट बहुधा दहाच्या पान्याचा, गंजलेला. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. लांब एक्स्टेंशन, युनिव्हर्सल जॉइंट आणि सॉकेट पान्यात ग्रीसचा ठिपका, म्हणजे सुटलेला बोल्ट खाली पडत नाही. बेल हाउसिंगमध्ये पडलाच, तर चुंबकाच्या कांडीने बाहेर काढेपर्यंत सेल्फला हात लावू नका.

बोल्ट निघाला तरी सेन्सर हलत नाही, हे नेहमीचंच. अॅल्युमिनियमच्या भोकात पांढरी बुरशी धरून तो जाम होतो. कोकणातल्या, किनाऱ्यावरच्या गाड्यांत जास्तच. इथे स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा मोह होतो, कान तुटतो आणि नाक आत राहतं. त्याऐवजी तेल मारून सेन्सर जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे फिरवत राहा. फिरायला लागला की येतो. तरीही तुटलाच तर ड्रिल घालू नका आणि ठोकून आत ढकलू नका. चक्राचा एक दात वाकला की गिअरबॉक्स उतरवायचं काम निघतं. उरलेल्या प्लॅस्टिकमध्ये जाड स्क्रू हलक्या हाताने पिळून तो पकडीने ओढला की बहुतेक वेळा तुकडा बाहेर येतो.

जुन्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटलेला असेल तर नीट बघा. थोडा चालतो. चकचकीत कण भरपूर असतील तर चक्रावर किंवा क्लचमध्ये काहीतरी घासतंय.

बसवताना

भोकाची कड आणि बसायची जागा स्वच्छ पुसा. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. 'लीक नको' म्हणून कानाखाली सिलिकॉन थापणारे असतात. त्या थराने सेन्सर वर उचलला जातो आणि अंतर बिघडतं. सेन्सर हाताने दाबून पूर्ण टेकू द्या, मगच बोल्ट. बोल्ट आवळून सेन्सर आत खेचायला गेलात तर प्लॅस्टिकचा कान तडकतो. सहा एमएमच्या बोल्टला आठ-दहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या रॅचेटला मनगटाचा जोर.

वायर जुन्याच वाटेने न्या, जुन्याच क्लिपांत. एक्झॉस्टजवळून नेली तर वितळेल, प्लगच्या वायरींजवळून नेली तर सिग्नलमध्ये गडबड होऊन गाडी मिसिंग करेल. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड इथे टिकत नाही. सॉकेटचा 'टक' ऐकू आला पाहिजे.

शेवटी कोड पुसा. काही गाड्यांना स्कॅनरवरून नवा सेन्सर शिकवावाही लागतो, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तर ते टाळू नका. मग चाचणी गरम इंजिनवर घ्या: अर्धा तास चालवा, घराच्या जवळपास बंद करा, पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारा. लगेच उचलली तर ठीक. पुन्हा नुसतीच फिरली आणि आरपीएम मात्र आता दिसतोय, तर सेन्सर सोडा. गरम झाल्यावर इग्निशन कॉइल आणि मेन रिलेही असेच दगा देतात. त्या दोन्हींपर्यंत हात तरी सहज पोहोचतो.