वाळूची ताठरता मोजताना मी केलेली चूक

नागपुरात मातीपरीक्षणाचे बहुतेक काम काळी माती, मुरूम आणि त्याखालचा बेसाल्ट यांभोवती फिरते. त्यामुळे एम. टेक.च्या प्रबंधासाठी कन्हान नदीची वाळू निवडली तेव्हा, फुगणे नाही, आकसणे नाही, म्हणजे काम सोपे जाईल, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी माझे एक अख्खे सत्र वाया गेले. या विषयाकडे वळणाऱ्यांचे तसे होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

३८ मि.मी. व्यासाचा, ७६ मि.मी. उंचीचा, कोरडी वाळू नरसाळ्यातून सोडून घट्ट बसवलेला नमुना आणि १०० किलोपास्कल सेल प्रेशर (नमुना ठेवलेल्या बंद भांड्यातला, त्याच्यावर चहूबाजूंनी पडणारा दाब), एवढीच माझी मांडणी होती. बेंडर एलिमेंटने (नमुन्याच्या दोन्ही टोकांत रुतवलेल्या, विजेने थरथरणाऱ्या पातळ पात्यांनी) छेदतरंगाचा, म्हणजे कणांना आडवे हलवत जाणाऱ्या तरंगाचा, वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर मिळाला, त्यावरून शिअर मोड्युलस (छेदबलाखालच्या ताठरतेचे माप) सुमारे १०० मेगापास्कल, म्हणजे यंग मोड्युलस (सरळ दाबाखालच्या ताठरतेचे माप) २५० च्या आसपास आला. त्याच नमुन्यावर लगेच ट्रायअ‍ॅक्सियल चाचणी (सेल प्रेशर कायम ठेवून नमुना वरून दाबत जाणे) घेतली, तर सेलबाहेरच्या डायल गेजवरून (हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकावरून) काढलेला आकडा जेमतेम ३५ भरला. सातपट फरक पाहून मी बेंडरलाच दोषी धरले, वायरी बदलल्या, सोल्डर पुन्हा केले, आणि मार्गदर्शकांनी ‘तो आकडा गाळून टाका’ असे सांगितल्यावर तो गाळूनही टाकला. तिथे मी फसलो.

चूक दोन ठिकाणी होती आणि दोन्ही नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली गोष्ट अशी की वाळूची ताठरता हा एकच एक आकडा नसतो. बेंडरच्या तरंगात विकृती (मूळ मापाच्या तुलनेत होणारा आकारबदल) ०.००१ टक्क्याच्याही खाली राहते, कण एकमेकांवरून घसरत नाहीत, म्हणून ताठरता सर्वाधिक दिसते, विकृती ०.१ टक्क्याच्या आसपास पोहोचेपर्यंत ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेली असते. म्हणून विकृती किती आणि सेल प्रेशर किती हे न लिहिता दिलेल्या मोड्युलसला अर्थ नाही. प्रेशर चौपट केले तर लहान विकृतीची ताठरता साधारण दुप्पट होते, हेही लक्षात असू द्यावे.

परंतु निम्म्याने सातपटीचा हिशेब लागत नाही. उरलेला फरक नमुन्याच्या माथ्यावर बसणारी टोपी आणि वाळू यांच्यामधल्या फटीचा होता. एकदा मेम्ब्रेन (नमुन्याभोवतीचे पातळ रबरी आवरण) टोपीवर चढवण्याआधी मी पलीकडून मोबाइलचा टॉर्च धरला, तेव्हा टोपीच्या एका कडेखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, जेमतेम एक कागद सरकेल एवढी. कागदाची जाडी ०.१ मि.मी. धरली, तरी ७६ मि.मी. उंचीवर ती ०.१३ टक्के विकृती होते. म्हणजे आपल्याला जो पट्टा मोजायचा असतो, तो संपूर्ण पट्टा ती फट मिटण्यातच संपतो. डायल गेज टोपीची हालचाल मोजतो, वाळूची नव्हे. मी अनेक आठवडे टोपीचीच हालचाल मोजत होतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे नमुन्याच्या मधल्या भागावर, मेम्ब्रेनला चिकटवून बसवलेले लहान एलव्हीडीटी (सूक्ष्म हालचाल विजेच्या संकेतातून मोजणारे मापक). ते नसतील तर वाळूचा माथा सपाट करण्यास हवा तेवढा वेळ द्या, समोरासमोर दोन गेज लावा आणि भार थोडा उतरवून पुन्हा चढवतानाच्या वळणावरून मोड्युलस काढा. फटीचा दोष त्याने पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. बेंडर वापरताना तरंगाचे अंतर नमुन्याची पूर्ण उंची धरू नका, पात्यांच्या टोकापासून टोकापर्यंत धरा. ७० ऐवजी ७६ मि.मी. धरले तर वेग वर्गात जात असल्यामुळे मोड्युलस १८ टक्क्यांनी फुगतो.

एसपीटीच्या (जागेवरच जमिनीत नळी ठोकून ठोके मोजण्याच्या चाचणीच्या) ठोक्यांवरून मोड्युलस काढणाऱ्या सूत्रांबद्दल माझे मत कडक आहे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सें.मी.वरून पडतो तेव्हा वाळूची रचना मोडते, आणि मोडलेल्या वाळूच्या प्रतिकारावरून न मोडलेल्या वाळूची ताठरता सांगणे हा अंदाजच असतो. प्राथमिक आराखड्यासाठी तो चालेल, प्रबंधात नको. मार्गदर्शक निवडताना, जो तयार आलेख न पाहता तुमची नोंदवही उघडून मूळ वाचने पाहतो, त्याच्याकडे जा. मला फटीची शंका प्रथम बोलून दाखवली ती प्रयोगशाळेतल्या सहायक काकांनी.

आकडे जुळत नाहीत म्हणून खचू नका. पहिले दहा-बारा नमुने बहुतेकांचे बिघडतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर राहिलेले मेम्ब्रेन फाटून आणखी दोन जातात. वाळूला हात लावण्याआधी मात्र त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा दंडगोल सेलमध्ये बसवून २०० किलोपास्कलपर्यंत भार द्या. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्या भाराने गेजवर दिसण्याइतके दबत नाही, म्हणून काटा जेवढा सरकेल ती यंत्राची आणि सांध्यांची हालचाल. माझ्या यंत्रावर तो तीन भाग, म्हणजे ०.०३ मि.मी. सरकला होता.