टाइप तपासायच्या आधीच घात होतो: पिकल आणि त्याची भावंडं

समजा, ठाण्यात टिफिनच्या ऑर्डरी घेणारं एक ॲप आहे आणि ग्राहकाचं कार्ट कुकीत पिकल करून ठेवलंय, म्हणजे पायथनच्या पिकल या पद्धतीने ऑब्जेक्टचे बाइट्स करून. सर्व्हर ती कुकी थेट पिकल.लोड्सला, म्हणजे बाइट्समधून ऑब्जेक्ट परत बनवणाऱ्या फंक्शनला, देतो आणि पुढच्या ओळीत ‘ही डिक्शनरीच आहे ना?’ असं तपासतो. पण तोवर उशीर झालेला असतो. पिकलमध्ये ऑब्जेक्ट कसा उभा करायचा याच्या सूचना असतात, त्यात कुठलं फंक्शन चालवायचं हेही लिहिता येतं आणि ते लोड होतानाच चालतं. पाहुणा घरात शिरल्यावर वॉचमनने रजिस्टर पुढे करावं, तशातला प्रकार.

इतर भाषांतही असे प्रकार आहेत. आधी कोडमध्ये असा डेटा उघडणाऱ्या या गोष्टी शोधा: पायथनमध्ये पिकल, शेल्व्ह, जॉबलिब आणि यामल.लोड, पीएचपीत अनसिरियलाइझ, रुबीत मार्शल.लोड, जावात रीडऑब्जेक्ट. नेटवर्क ट्रॅफिकही चाळा. बेस-६४ (बाइट्स अक्षरांत लिहायची पद्धत) मजकूर लहान आर, मोठा ओ, शून्य, मोठा ए, मोठा बी असा सुरू झाला, तर तो जावाचा ऑब्जेक्ट समजा.

खात्री करायची तर आपल्याच स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर), रिड्यूस मेथडमधून (लोड होताना काय चालवायचं ते पिकलला सांगणारी मेथड) दहा सेकंदांचा स्लीप परत करणारा पिकल पाठवा. उत्तर दहा सेकंद रखडलं की भोक आहे.

पायथनमध्ये पिकलवर खरा उपाय एकच, जेसन, म्हणजे फक्त डेटा ठेवणारा साधा मजकूर फॉरमॅट. बदलताना दोन गोष्टी हमखास अडतात. डिक्शनरीतली ७ ही आकडा-की जेसनमधून परत येते ती स्ट्रिंग होऊन, मग पदार्थ सापडत नाही आणि कार्ट रिकामं दिसतं. डेटटाइम तर सरळ टाइपएरर देतो. आधी आयसो फॉरमॅटची (तारीख-वेळ लिहायची प्रमाण पद्धत) स्ट्रिंग करून घ्या. यामलसाठी सेफ लोड वापरा. पीएचपी ७ पासून अनसिरियलाइझच्या अलाउड क्लासेस या पर्यायाला फॉल्स देऊन कुठलाच क्लास बनू न देता येतं, तरी तिथेही जेसनच बरं.

जावात २०१५ साली कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीची साखळी (तिच्यातलेच क्लास एकामागून एक चालवून केलेला हल्ला) गाजल्यावर अनेकांनी तेवढीच लायब्ररी बदलली. तेवढ्याने भागत नाही, साखळ्या इतर लायब्रऱ्यांतही आहेत. जावा ९ पासूनचा सिरियल फिल्टर लावा: आपले क्लास लिहा आणि शेवटी !* (बाकी सगळे नाकारा) टाका. ते विसरलात तर यादीत नसलेला क्लासही आत येतो.

डिप्लॉयच्या दिवशी ‘आठवडाभर जुनी, पिकलवाली कुकीही चालू दे’ अशी मागणी येईलच. नाही म्हणा. हल्ला करणारा जुनीच पाठवणार. ग्राहकाला कार्ट पुन्हा भरावं लागेल, भरू दे.